आळीतले दहा आकडे

वाळवीला वाचता येत असावे, असे माझे प्रामाणिक मत आहे. आमच्या कचेरीच्या दप्तरखान्यात तेव्हा नऊशे रुमाल होते. रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे. जुने सरकारी कागद ज्या लाल फडक्यात बांधून फळीवर ठेवतात, तो. प्रत्येक रुमालाला नंबर. पण कोणता कागद कितव्या रुमालात आहे हे सांगणारी फेरिस्त एकच. सन १८८४च्या भाद्रपदात दप्तरखान्याला वाळवी लागली. तिने नऊशे रुमालांना जेमतेम तोंड लावले आणि फेरिस्त तेवढी पुठ्ठ्यासकट संपवली. अडाणी किड्याचे हे काम नव्हे.

मी त्या दप्तरखान्याचा कारकून. अव्वल कारकून विठ्ठलराव मला म्हणाले, "गणपतराव, नवी फेरिस्त करायची तर वरून मंजुरी लागेल. मंजुरीसाठी जुनी कशी गेली याचा खुलासा लागेल. आणि खुलाशाला पुरावा म्हणून जुनी फेरिस्त जोडावी लागेल."

"अहो, पण ती वाळवीने खाल्ली."

"मग वाळवी जोडा," असे म्हणून त्यांनी तपकिरीची चिमूट ओढली. "त्यापेक्षा तुम्ही पाठच का करून टाकत नाही? नऊशेच तर आहेत."

आता, माझ्या स्मरणशक्तीविषयी घरात बरे बोलत नाहीत. एकदा मी बाजारात मेथी आणायला गेलो आणि पावणेदोन तासांनी मेथीऐवजी एका ओळखीच्या गृहस्थांना जेवायला घेऊन आलो, एवढ्यावरून ते सगळे सुरू झाले. पण विठ्ठलरावांच्या त्या "नऊशेच तर आहेत"मध्ये जो खवचटपणा होता, तो मला लागला. मी पाठ करायचे ठरवले.

ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या आमच्या आळीत हरिहरशास्त्री राहत. त्यांना ज्योतिषाचे जुने ग्रंथ मुखोद्गत. मी त्यांना विचारले, की आकडे डोक्यात कसे ठेवता? ते प्रसन्न झाले. म्हणाले, "आकडा कधी लक्षात राहत नसतो बाबा. आकड्याला डोळ्यांपुढे वस्तू लागते. एक म्हणजे चंद्र. दोन म्हणजे नेत्र. तीन अग्नी, चार वेद, पाच मदनाचे बाण. शून्य म्हणजे आकाश. आकड्यांची चित्रं करायची आणि चित्रं बघत बसायची."

मी बघत बसलो. चंद्र दिसला, डोळे दिसले. चार वेद काही दिसेनात, कारण ते मी कधी पाहिलेच नव्हते. त्यांच्या जागी कचेरीतली चार जाडजूड रजिस्टरे दिसत. मदनाचे बाण डोळ्यांसमोर आणण्याचे माझे वय राहिले नव्हते आणि दप्तरखाना ही जागाही नव्हती. तरी मी नेटाने पुढे गेलो. तीनशे तेहेतिसाव्या रुमालापाशी उभा राहून, डोळे मिटून, मोठ्याने "आग! आग! आग!" असे म्हणत होतो, तेवढ्यात दगडू शिपायाने बाहेरून पाण्याची घागर आणली आणि माझ्यावर व रुमालावर सारखीच रिकामी केली. सरकारी मालमत्ता वाचवल्याबद्दल त्याला शाबासकी मिळाली. मला कपडे वाळवायला सुट्टी मिळाली नाही.

बरे, हेही निभावले असते. मामलेदारसाहेबांनी एका रस्त्याचा कागद मागितला, तेव्हा मी चित्र आठवले: नेत्र, आकाश, अग्नी. दोनशे तीन! ऐटीत रुमाल सोडला. आत कोंडवाड्यातून पळालेल्या बकऱ्यांविषयीचा पत्रव्यवहार निघाला. मामलेदारसाहेबांनी तो पूर्ण वाचला आणि मग माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याबद्दल मी लिहीत नाही. संध्याकाळी शास्त्रीबुवांना सांगितले तर ते म्हणाले, "अरे, ते उलटं वाचायचं! तीनशे दोन. अंकांची चाल डावीकडे, हा नियमच आहे. तुला सांगायचं राहिलं वाटतं."

घरी मी तोंड पाडून बसलो होतो. गोदा, माझी बायको, सुपात तांदूळ पाखडत होती. तिने सगळे ऐकून घेतले. सूप खाली न ठेवताच म्हणाली, "चंद्र नि बाण कशाला हवेत? रोज डोळ्यांसमोर दिसतात ती माणसं घ्या की. आपल्या आळीत दहा जण सापडतील."

इतकी साधी गोष्ट नऊशे रुमाल आणि एक शास्त्री मिळून सुचवू शकले नव्हते. मी त्याच बैठकीत माणसे वाटून टाकली. नाथा शिंपी तीन, कारण सुई, दोरा आणि कात्री. पोपट गवळी सहा. तो आणि त्याची म्हैस एकमेकांवाचून दिसत नाहीत आणि दोघांचे पाय मोजले तर सहा भरतात. या दोघांचे अकरा वर्षे बोलणे नव्हते. पोपटच्या म्हशीने नाथाने शिवलेला एक नवाकोरा अंगरखा खाल्ला होता, तो ज्याच्या लग्नाचा होता त्याला आता चार मुले आहेत, पण भांडण तिथेच होते. छत्तिसाच्या आकड्यात तीन आणि सहा यांची पाठ एकमेकांकडे असते हे मला आपोआपच साधले, याचा मला फार आनंद झाला. मालन कोळीण आठ, कारण भाव करताना तिला आठ हात फुटतात. घरमालक गोविंदराव सात. ते साडेसातीवरून, पण त्यांनी विचारले तर सप्तर्षी म्हणायचे मी योजून ठेवले. शेजारच्या विमलाबाई दोन, कारण त्या समोर एक बोलतात आणि मागे एक. एक, चार, पाच आणि नऊ हेही असेच आळीतल्या चौघांना गेले. आणि हरिहरशास्त्र्यांचे तुळतुळीत गोल डोके पाहिल्यावर शून्य शोधत दुसरीकडे जायची गरजच नव्हती.

आणि काय सांगू, चालले! दोनशे सात म्हटले, की विमलाबाई शास्त्रीबुवांच्या डोक्यावर बसून गोविंदरावांना भाडे मागतायत, असे चित्र उभे राही, आणि ते विसरणे शक्य नसे. पंधरा दिवसांत मी हाताला लागतील तसे साडेतीनशे रुमाल डोक्यात घातले. कचेरीत मान जरा ताठ करून चालू लागलो.

एका सोमवारी सकाळी ओटीवर उजळणी करत होतो. "विमलाबाई शास्त्र्यांच्या डोक्यावर बसल्या, विमलाबाई खाली उतरेनात..." एवढ्यात दारात विमलाबाई. हातात वाटी. विरजण मागायला आल्या होत्या.

त्या विरजण न घेता गेल्या, यावरून मी काय ते ओळखायला हवे होते.

मंगळवारी सकाळी आख्खी आळी आमच्या ओट्यावर. मी हात जोडून, अगदी पहिल्यापासून, वाळवीपासून सगळे समजावले. यात कुणाची बदनामी नाही, ही सरकारी कामाची सोय आहे. लोक शांत झाले. क्षणभरच. मग त्यांच्या लक्षात आले, की प्रत्येकाला एक आकडा आहे, आणि शेजाऱ्याला दुसरा.

"मला शून्य?" हरिहरशास्त्री थरथरत होते. "मी तुला विद्या दिली, आणि मला शून्य?"

"शास्त्रीबुवा, शून्याला आपल्यात पूज्य म्हणतात," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातले हे सर्वांत समयसूचक वाक्य. शास्त्रीबुवा विचारात पडले, पण पुरते पटले असे दिसले नाही.

"आणि मी दोन कशी हो भाऊजी?" विमलाबाईंनी पदर खोचला.

"सासर नि माहेर, दोन्ही कुळं उजळलीत म्हणून."

त्या खूश झाल्या. नाथा मात्र बोटांवर काहीतरी मोजत होता. एकाएकी तो ओरडला, "गणपतराव, तो म्हशीवाला माझ्या दुप्पट?"

पोपटने ऐकले. अकरा वर्षांत प्रथमच तो नाथाच्या दिशेने हसला.

नेमका त्याच दुपारी कचेरीत बाळकुमचा भिवा आला. काळाकभिन्न, साठीचा माणूस, कमरेला रुमाल. खाडीकाठच्या खाजणात, म्हणजे खाऱ्या पाणथळीत, त्याचे भातशेत. त्याच्या आज्याने समुद्राचे पाणी अडवायला बांध घातला, तेव्हा सरकारने त्याला कौल दिला होता, म्हणजे जमीन तुझीच राहील असे लेखी वचन. आता एका बड्या मिठागरवाल्याने ती जमीन आपल्या मिठागरात येते असा अर्ज केला होता. कार्तिकात असिस्टंट कलेक्टरसाहेबांपुढे सुनावणी. भिवाकडचा कागद पुरात गेलेला. सरकारी प्रत तेवढी आमच्याकडे.

मला तो कागद माहीत होता! रुमाल चाळताना त्याच सकाळी पाहिला होता. मी तिथेच डोळे मिटून चित्र पक्के केले आणि भिवाच्या खांद्यावर हात ठेवला. "घोर करू नको. कागद इथे आहे," आणि मी कपाळावर बोट टेकवले.

"लिवून नाय ठेवाचा का, रावसाब?" भिवा म्हणाला.

"लिहिलेलं वाळवी खाते," मी म्हणालो. असली वाक्ये माणसाने बोलू नयेत.

बुधवारपासून आळीत जे सुरू झाले त्याला कचेरीच्या भाषेत बदल्या आणि बढत्या म्हणतात. नाथाने माझी बंडी शिवायची थांबवली. मला बंडीची गरज होती, म्हणून मी त्याला नऊ दिला. तेव्हा पोपटच्या दुधात पाणी वाढले. पोपटला नऊ दिला, नाथाला सहा. मग नाथा म्हणाला, सहा हा म्हशीचा उष्टा आकडा आहे. शास्त्रीबुवांना एकादशीपासून एक हवा होता, तो दिला. मग तो ज्याचा होता त्यांनी आमच्याकडची विहिरीची दोरी परत मागितली. गोविंदरावांना कुणीतरी साडेसातीचे सांगितले. सल्ले तर घरोघरचे. कुणी म्हणे चिठ्ठ्या टाका, कुणी म्हणे वयाप्रमाणे द्या, मालन म्हणाली, "मना आठ हाय तो ऱ्हाऊ दे, बाकीच्यांचा लिलाव करा." दिवाळीपर्यंत आळीतला एकही माणूस आपल्या मूळ आकड्यावर राहिला नव्हता. मालन सोडून.

मी फक्त माणसांची मने राखत होतो. त्या नादात आधीच घातलेली साडेतीनशे चित्रे कुठल्या दिवसाच्या हिशेबाची आहेत, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

ते ध्यानात आले सुनावणीच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता. साहेब खुर्चीत बसले होते. मिठागरवाल्याचा वकील उभा होता. भिवा कोपऱ्यात उकिडवा. साहेबांनी कागद मागितला आणि विठ्ठलरावांनी माझ्याकडे बोट केले.

मी डोळे मिटले. चित्र स्वच्छ होते. पोपट म्हैस पिळतोय, नाथा त्या म्हशीला चोळी शिवतोय, आणि शास्त्रीबुवा मागे शेपूट धरून उभे आहेत. पोपट, नाथा, शास्त्री. म्हणजे... म्हणजे कोणता पोपट? सहाचा, तिनाचा की नवाचा? नाथा कोणत्या दिवसाचा? शास्त्री पूज्य असतानाचे, की एक झाल्यानंतरचे? मनात मांडून पाहिले तर दहाबारा रुमाल होत होते, आणि मोडीतले दोनशे कागद असलेला एक रुमाल चाळायला अर्धा तास लागतो.

साहेबांनी घड्याळ काढले. विठ्ठलरावांनी इंग्रजीत काहीतरी सांगितले, त्यात माझे नाव दोनदा आले. साहेब दोन वाजेपर्यंत थांबायला तयार झाले. ते जेवून येईपर्यंत कागद आला नाही तर निकाल देणार.

मी बाहेर पडताना भिवाने फक्त एवढेच विचारले, "डोक्यात हाय ना, रावसाब?" त्याच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

कचेरी ते टेंभी मी धावत गेलो. चाळिशी उलटलेला, पगडी घातलेला कारकून भर दुपारी धावताना ठाण्याने यापूर्वी पाहिला नसावा. दोन कुत्री सोबत आली. ओट्यावर पोचून मी जो बसलो तो रडकुंडीलाच. गोदाने पाणी दिले, ऐकले, आणि आळीत जाऊन सगळ्यांना गोळा करून आणले.

"त्या मंगळवारी कोण कोण कोण होतं?" मी विचारले.

एकच गलका. नाथा म्हणे मी तेव्हा नऊ. पोपट म्हणे नऊ मी होतो. शास्त्रीबुवांना आपण कधी शून्य होतो हेच मान्य नव्हते.

"थांबा!" विमलाबाई पुढे झाल्या. "तो बाळकुमचा म्हातारा आला, तो दिवस ना? माझ्या ओट्यावर पाणी प्यायला होता तो. मी तेव्हा वाल सोलत होते. सोमवारी भिजत घातले, मंगळवारी सोलले, संध्याकाळी बिरडं केलं. वाटीभर शास्त्रीणबाईंना दिलं, तर त्या म्हणाल्या, 'आज हे जेवायचे नाहीत, ह्यांना शून्य दिलंय.' म्हणजे शास्त्रीबुवा मंगळवारी शून्यच!"

शास्त्रीबुवांनी मान खाली घातली.

"आणि नाथाभाऊ त्याच सकाळी काय ओरडले? 'तो माझ्या दुप्पट!' दुप्पट कधी होईल? हा तीन नि तो सहा असेल तेव्हाच ना! बदलाबदली बुधवारपासून. कारण बुधवारी तुमच्याकडचं दूध पातळ झालं, ते मी सगळ्यांना सांगितलं होतं."

सहा, तीन, शून्य. सहाशे तीस. मी विमलाबाईंकडे बघत राहिलो. ज्या तोंडाला मी दोन आकडा दिला होता, त्या तोंडात आळीची सगळी फेरिस्त तारीखवार लावलेली होती, आणि तिला वाळवी शिवत नव्हती. मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "इश्श, भाऊजी!" पण पाय मागे घेतले नाहीत.

मी निघालो, तर गोदा आडवी आली. "एकटे जाऊ नका. नाक्यापर्यंत जाल आणि तीनशे साठ होईल. माणसंच घेऊन जा. ओळीने."

अशी आमची मिरवणूक निघाली. पुढे पोपट, मग नाथा, मग शास्त्रीबुवा, आणि आकडा हलू नये म्हणून बाजूने मी. पन्नास पावलांवर शास्त्रीबुवा सवयीने पुढे झाले.

"शास्त्रीबुवा, मागे! तुम्ही पुढे आलात तर तुमची किंमत काहीच नाही. मागे राहिलात तर हे दोघे दसपट होतात."

शास्त्रीबुवा थबकले. मग त्यांनी उपरणे सावरले आणि ज्या ऐटीत पावले टाकत मागे जाऊन उभे राहिले, त्यात मी प्रथमच पूज्य या शब्दाचा अर्थ पाहिला.

कचेरीत पोचलो तेव्हा साहेब जेवून परतत होते. दारात तिघे ओळीने उभे. साहेबांनी विचारले, हे कोण? विठ्ठलरावांनी माझ्याकडे पाहिले.

"हे सहाशे तीस, साहेब," मी म्हणालो.

विठ्ठलरावांनी इंग्रजीत काय भाषांतर केले ते मला समजले नाही. साहेबांनी मात्र तिघांना पुन्हा एकदा मोजले.

मी आत धावलो. दगडूने शिडी धरली. रुमाल खाली घेतला, गाठ सोडली, आणि एकेक कागद चाळू लागलो. बाहेर तिघांना बजावून ठेवले होते, की मी परत येईपर्यंत जागा सोडायची नाही. त्यामुळे पोपट आणि नाथा खांद्याला खांदा लावून उभे होते. मला दारातून ऐकू आले.

नाथा समोर बघतच म्हणाला, "म्हैस कशी आहे?"

"म्हातारी झाली," पोपट म्हणाला. "दात गेले."

नाथाने थोडा विचार केला. "मऊ काही खायला घालत जा."

"घालतो."

एकशे अठ्ठेचाळिसावा कागद कौलाचा होता. एका कोपऱ्याला वाळवीने नक्षी काढली होती, पण भिवाच्या आज्याचे नाव, बांधाची लांबी आणि खाली शिक्का शाबूत. मी तो दोन्ही हातांनी, ताटात नैवेद्य न्यावा तसा साहेबांपुढे नेला. साहेबांनी वाचून घेतला, वकिलाला दाखवला, आणि वकिलाने घसा साफ करण्यापलीकडे काही केले नाही. जमीन भिवाची राहिली.

भिवा उठला नाही. उकिडवाच बसून तो हाताच्या पालथ्या मुठीने डोळे पुसत राहिला. मला काहीतरी बोलायचे होते, पण त्याने मान हलवली. "गावला ना," तो म्हणाला. "मंग झाला."

साहेबांनी माझी तारीफ केली असेल, असे वाचकांना वाटेल. साहेबांनी हुकूम केला, की नवी फेरिस्त ताबडतोब लेखी तयार करावी, मंजुरी नंतर पाहू. आणि या कारकुनाने यापुढे कोणताही सरकारी कागद डोक्यात ठेवू नये. पुढे आठ महिने मी नऊशे रुमाल सोडत आणि बांधत होतो.

मार्गशीर्षात एका सकाळी आळीच्या तोंडाशी हाक आली. "सहा नंबर! तीन नंबर! पूज्य!" भिवा होता. डोक्यावर पोते, त्यात बांधाआडच्या शेतातला नवा लाल तांदूळ. त्याला कुणाची नावे ठाऊक नव्हती. आणि जे लोक दोन महिने आकड्यांवरून भांडले, ते त्या हाकांना ओ देत सुपे घेऊन बाहेर आले, आपापल्या जुन्या आकड्यांवर. भिवा पायलीने मोजून दहा मापे घालत गेला, वर हात फिरवून सारखी केलेली. शास्त्रीबुवांना कमी पडले नाही आणि मालनला जास्त मिळाले नाही. सगळे झाल्यावर पोत्यात एक माप उरले.

गोदा दारात उभी होती. "बायला कंचा नंबर?" भिवाने विचारले.

आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. मी तर फारच पाहू लागलो.

"मला नाही नंबर," गोदा हसून म्हणाली.

"मंग ह्यो नको मोजाया," असे म्हणून भिवाने पायली न घेता पोतेच तिच्या सुपावर उपडे केले. सूप भरून तांदूळ ओटीवर सांडला. माझ्याकडे वळून त्याने हात जोडले, तोंडभर हसला, आणि रिकामे पोते खांद्यावर टाकून चालू लागला. माझ्या नावाचे माप नव्हतेच. माझ्या अब्रूच्या दृष्टीने ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

गोदाने वाकून एकेक दाणा वेचला. दुपारी पानात तोच भात आला, वाफाळता, तांबूस, वर तुपाची धार. मी पहिला भात संपवला आणि तिच्याकडे पाहिले. दुसऱ्यांदा मागायला थोडा संकोच वाटला. तिने वाढला, मी मागायच्या आधीच.